जिनिंगची जागा

पडद्यावर कारंजं उडत होतं. भोवती हिरवंगार गवत, गवतावर बाकडी, आणि एका बाकड्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं हसत बसलेलं. त्यांच्या पाठीशी सहा मजली इमारत होती. तळाला काचेची दुकानं, वर राहायची घरं, गच्चीवर हॉटेल. पुण्याच्या कंपनीचा तरुण माणूस लाल ठिपका फिरवत एकेक गोष्ट दाखवत होता.

"अवो साहेब, त्या कारंज्यात पानी कुठलं सोडनार?" बबनराव मेंबर मागच्या रांगेतून ओरडले. "हितं प्यायच्या पान्याचा टँकर यायची पंचाईत!"

नगरपरिषदेचं सगळं सभागृह हसलं. तो तरुणही हसला आणि त्यानं चटकन पुढचं चित्र लावलं.

रुक्मिणीबाई मात्र अजून त्या जोडप्यातच अडकल्या होत्या. बाकडं जिथं दाखवलं होतं ती जागा त्यांनी ओळखली होती. जिनिंग चालू होती तेव्हा तिथं कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. त्याच्या थोडं पलीकडे कामगारांच्या खोल्यांची चाळ. चित्रात त्या चाळीच्या जागी गाड्या लावायचा तळ होता.

गावातली सहकारी जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना, बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आसपासच्या शेतकऱ्यांनी शेअर घेऊन ती उभी केली होती. एकामागून एक दुष्काळ आले, कापूस येईना, संचालकांत भांडणं लागली आणि एका दिवाळीनंतर भोंगा वाजला नाही तो नाहीच. मग संस्था अवसायनात निघाली आणि स्टँडाजवळची ती मोक्याची जागा नगरपरिषदेकडे आली. आता तिथं काय बांधायचं, कुणी बांधायचं, याचा निकाल आज लागायचा होता. दोनच प्रस्ताव शेवटपर्यंत टिकले होते. एक पुण्याच्या कंपनीचा. दुसरा अंबाजोगाईच्या एका ठेकेदाराचा. त्याची इमारत बुटकी होती, कारंजं नव्हतं, पण आठवडी बाजाराला मैदान राखलं होतं आणि चाळीत अजून राहणाऱ्या पाच घरांना मागच्या बाजूला खोल्या द्यायचं कबूल केलं होतं.

त्या पाच घरांतलं एक छबुबाईचं होतं.

चहाची सुट्टी झाली. दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले अर्जुनराव उठून आले. रुक्मिणीबाईंचे धाकटे दीर. त्यांना सभेत बसायचा अधिकार नव्हता, पण बायका मेंबरांची माणसं दाराशी बसतात हे सगळे धरूनच चालले होते.

"वहिनी, नंबर एक," ते खाली वाकून म्हणाले. "अध्यक्ष इचारतील तवा हात वर करायचा. बस. बाकी आपलं सगळं बोलनं झालंय."

रुक्मिणीबाईंनी मान हलवली. चार वर्षं त्या अशीच मान हलवत आल्या होत्या. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा अर्जुनरावांनी घरात नजर फिरवली. त्यांच्या बायकोला, तुळजाबाईला, चारचौघांत बसणं जमणार नव्हतं. मागच्या खोलीत विधवा भावजय होतीच. पोस्टरवर रुक्मिणीबाईंचा फोटो लहान होता आणि हात जोडलेल्या अर्जुनरावांचा मोठा. त्या निवडून आल्या. गुलाल अर्जुनरावांच्या अंगावर पडला.

घर भरलेलं होतं. दीर, जाऊ, दोन पुतणे, त्यांच्या बायका, नातवंडं. पण जेवायला वाढलेलं ताट मागच्या खोलीत यायचं आणि रिकामं ताट परत जायचं, एवढाच त्यांचा घराशी व्यवहार. कुणी वाईट वागत नव्हतं. कुणी बोलतच नव्हतं. टीव्हीचा आवाज भिंतीतून यायचा आणि त्यावरून त्यांना कळायचं की बाहेर सगळी बसली आहेत.

बोलायला जागा एकच होती. चार-आठ दिवसांनी पायात चपला अडकवून त्या जिनिंगच्या चाळीत जायच्या.

त्यांचा संसार तिथंच झाला होता. चकलांब्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा उत्तरेश्वर जिनिंगमध्ये फिटर होता. शेजारच्या खोलीत वॉचमनची बायको छबुबाई, त्यांच्याच वयाची. दोघींच्या दारात एकच पायरी होती. मूल झालं नाही म्हणून रुक्मिणीबाई रडायच्या तेव्हा छबुबाई स्वतःची तान्ही पोरगी त्यांच्या मांडीवर टाकून धुणं धुवायला निघून जायची. हंगामात कापसाची म्हातारी उडून दोघींच्या केसांत बसायची आणि संध्याकाळी पायरीवर बसून त्या ती एकमेकींची काढायच्या. जिनिंग बंद पडली, पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेश्वर छातीत कळ येऊन गेला, आणि दिवस झाल्यावर अर्जुनराव वहिनीला घरी घेऊन आले. छबुबाईचा नवराही गेला. ती मात्र तिथून हलली नाही.

कालच रुक्मिणीबाई तिच्याकडे गेल्या होत्या. पायरीवर बसून दोघी कोरा चहा प्यायल्या. समोर जिनिंगचं पत्रे उडालेलं शेड, त्यातून दिसणारं पांढरं आभाळ.

"उद्या मीटिंग हाय जागेची," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"ऐकलंय."

"दुसऱ्या वाल्यानं तुमाला खोल्या देतो म्हनून लिवून दिलंय."

"देऊ दे की."

"तू कायच कसं बोलंनास छबे?"

"काय बोलू?" छबुबाईनं बशीतला चहा फुंकला. "रुक्मे, तुझा हात तुझ्या दिराचा हाय. मला काय ठाव न्हाई का? मी तुला कदी कायी मागितलं न्हाई, आता कावून मागू? तू येतीस, बसतीस, लई झालं."

हे ती रागानं बोलली नव्हती. उन्हाला ऊन म्हणावं तसं बोलली होती. पण रुक्मिणीबाई घरी आल्या, मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या, आणि त्यांना ताट नको वाटलं. सगळ्या गावात त्यांना रुक्मे म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. बाकी ठिकाणी त्या मेंबरबाई होत्या, वहिनी होत्या, काकू होत्या. आणि त्या एका माणसानंही त्यांना गृहीत धरून सोडून दिलं होतं.

चहाचे कप गोळा झाले. अध्यक्ष मोहनराव खुर्चीत सावरून बसले. मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही प्रस्तावांची नावं पुन्हा वाचली.

"प्रस्ताव क्रमांक एक. बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. मुख्याधिकारी बोटानं मोजू लागले. मोजत मोजत ते रुक्मिणीबाईंपाशी आले आणि थांबले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बाई," शेजारची मेंबर कुजबुजली, "एक नंबर चालूय."

रुक्मिणीबाईंना ते ऐकू आलं. दाराकडून अर्जुनराव खाकरले तेही ऐकू आलं. त्या खाकरण्याची त्यांना इतकी सवय होती की उजवा हात जरासा हललाही. त्यांनी तो डाव्या हातानं धरून ठेवला. आपण काही मोठं करतो आहोत असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. भरल्या पंगतीत काहीतरी सांडल्यावर वाटावं तसं वाटत होतं.

"आठ," मुख्याधिकारी म्हणाले. "प्रस्ताव क्रमांक दोन?"

त्यांनी हात वर केला. पूर्ण वर नाही गेला, खांद्याच्या वर जेमतेम. बांगड्या नसलेलं मनगट पदराबाहेर आलं. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"इकडंबी आठ," बबनराव मोठ्यानं म्हणाले आणि हसले. "आयला, मेंबरबाई!"

एक मेंबर आजारी म्हणून आला नव्हता. आठ-आठ झाले. सभागृहात गलका उठला. मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समसमान मतं पडली की अध्यक्षाचं निर्णायक मत, हे मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना सांगितलं. मोहनराव दाराकडे एकदा बघून म्हणाले, "गावाचा इकास व्हायचा तर मोठ्यानंच व्हावा. माझं मत एक नंबरला."

एवढंच. टाळ्या वाजल्या. पुण्याच्या तरुणानं सगळ्यांना पेढे दिले. रुक्मिणीबाईंपुढेही बॉक्स धरला. त्यांनी एक उचलला आणि तो हातातच राहिला.

अर्जुनराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जीपमध्ये पुढं बसले, त्या मागं बसल्या, घर येईपर्यंत अक्षर नाही. उतरताना मात्र म्हणाले, "काय कमी केलतं वहिनी तुमाला?"

रुक्मिणीबाईंनी उत्तर शोधलं. खरंच कमी केलं नव्हतं. छप्पर होतं, ताट होतं, अंगावर धड लुगडं होतं.

"कायच न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी हातातला पेढा पदराच्या टोकाला बांधला. अर्जुनराव आत गेले.

दुसऱ्या दिवशी ताट आलं नाही. दुपारी तुळजाबाई स्वतः आली. बरोबर एक बर्नरची शेगडी, पिठाचा डबा, दोन-चार भांडी. सगळं नीट मांडून ठेवलं. तिचे डोळे खाली होते.

"बाई, मी कायी म्हनलं न्हाई," ती म्हणाली. "त्येंनीच सांगितलं. तुमचं तुमी करून खावा म्हनले."

"असू दे तुळजा. तेल आनलंस का?"

तेल विसरलं होतं. ती आणायला गेली आणि तेलाची बाटली सुनेच्या हाती आली.

चाळ उठवायला वेळ लागला नाही. महिनाभरात नोटिसा लागल्या. छबुबाईची पोरगी परळीला दिली होती. जावई औष्णिक केंद्रात राख भरणाऱ्या गाड्यांवर होता. तो सामान न्यायला छोटा टेम्पो घेऊन आला. रुक्मिणीबाई पोचल्या तेव्हा खोली रिकामी झाली होती आणि छबुबाई पायरीवर बसली होती.

"ये," ती सरकत म्हणाली.

दोघी बसल्या. जावई दोर बांधत होता.

"गावभर झालंय," छबुबाई म्हणाली. "शेजारच्या साखराबाईनं सांगितलं मला. तुला येगळं काढलंय म्हनं."

"येगळं कुठं. खोली तीच हाय. चूल तेवढी येगळी."

"कावून केलंस रुक्मे? मी म्हनलं होतं का तुला?"

"न्हाई म्हनलीस."

"मग?"

"न्हाई म्हनलीस म्हनूनच."

छबुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. रुक्मिणीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ केवढी हाडकुळी झाली आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"परळीला ये," शेवटी छबुबाई म्हणाली. "पोरीचं घर लहान हाय. राख उडती लई. पन ये."

"येते की."

दोघींनाही ठाऊक होतं की पोरीच्या दोन खोल्यांत पाहुणी कुठं मावायची. जावयानं सासूला पुढं बसवलं. टेम्पो फाटकाबाहेर वळला तेव्हा काच खाली करून छबुबाईनं "रुक्मे!" अशी हाक मारली, पण पुढचं बोलणं इंजिनात गेलं.

त्याच आठवड्यात टँकर आला. अर्जुनरावांच्या घरी पाणी आधी यायचं. टँकरवाला पाइप थेट त्यांच्या हौदात सोडायचा आणि मग गल्लीला वाटायचा. हौद भरला. रुक्मिणीबाई खोलीतून हंडा घेऊन निघाल्या, हौदाजवळून गेल्या आणि रस्त्यावर येऊन गल्लीतल्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

रांगेत प्लास्टिकच्या घागरी, डबे, रंगाचे रिकामे डबे. ऊन सरळ डोक्यावर होतं.

"मेंबरबाई, तुमी कावून हितं?" पुढून चंद्रभागाबाई म्हणाली. "या, फुडं या. ये पोरींनो, सरका, बाईला जाऊ द्या."

दोघी-तिघींनी खरंच आपल्या घागरी बाजूला केल्या. मध्ये वाट झाली.

"नगं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ठिवा तुमच्या घागरी जागेवर. माझा नंबर येईल तवा येईल."

"हंडा एकच आनलाय?"

"एकलीला किती लागतंय."

वाट पुन्हा बुजली. टँकरचं पाणी कुणाच्या तरी घागरीत धो धो पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. रांग एका घागरीनं पुढं सरकली. रुक्मिणीबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि रिकामा हंडा पायानं पुढं ढकलला.