अर्ध्यावरचा झेंडा

प्रेबेनने कोट धरायचं सोडलं, तेव्हाच रिगमोरच्या मनात पाल चुकचुकली.

पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घराबाहेर पडायच्या वेळी हा माणूस खुंटीवरचा तिचा कोट काढणार, मागे उभा राहून पसरून धरणार, आणि तिने दोन्ही हात घातले की खांद्यावर एकदा हलकंच थापटणार. भांडण असलं तरी. एकदा चार दिवस अबोला होता, तेव्हासुद्धा त्याने कोट धरला होता. थापटलं नव्हतं, एवढंच. आणि आता मार्च महिन्यापासून तो सरळ दार उघडून अंगणात जाऊन उभा राहायचा. ही मागे एकटी बाही शोधत बसायची.

एकदा शंका आली की सगळीकडे तेच दिसतं. ताटल्या पुसून वरच्या फळीवर ठेवायचं काम त्याचं, तर त्या आता ओट्यावरच पडून राहायला लागल्या. डोक्यातून घालायचे स्वेटर कपाटात गेले ते गेलेच. अंगावर तोच एक बटणांचा करडा स्वेटर, आठ-आठ दिवस. शनिवारी पेन्शनर मंडळात नाच असायचा. उभा जन्म बोटी बांधण्यात घालवलेला हा सुतार नाचायला मात्र हलका होता, बायका नंबर लावायच्या. आता मंडळाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. बैठकीतला दिवा गेला, बदल की रे तो, एवढंच ती म्हणाली, तर असा खेकसला की तिने स्वतःच स्टूल घेतलं. त्यावरून पुन्हा चिडला, पडायचंय का तुला म्हणून. धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं, अशी गत.

एप्रिलमध्ये त्याने आपली उशी उचलली आणि शिवणाच्या खोलीतल्या कोचावर झोपायला गेला. तू घोरतेस म्हणाला. अरे, ती तीस वर्षं घोरते आहे. इतकी वर्षं काय कानात बोळे होते?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळचा तो प्रश्न. कॉफीचा पहिला घोट घेतला की तो खिडकीबाहेर बघत, उगाच सहज विचारल्यासारखं करून विचारायचा, "आज वार कोणता गं?" रोज. ती सांगायची. तो मान डोलवायचा आणि जरा सुटल्यासारखा दिसायचा.

वाचनालयातून तिने एक माहितीपत्रक आणलं. उतारवयात स्मृती जायला लागली की काय काय दिसतं, त्याची बारा लक्षणांची यादी होती. कपडे न बदलणं, माणसं टाळणं, चिडचिड, वस्तू भलतीकडे ठेवणं, वार-तारीख न आठवणं. तिने पेन्सिलीने सात खुणा केल्या आणि कागद टेबलक्लॉथच्या खणात, घड्यांच्या तळाशी लपवला. पण तिचं समाधान होईना. आजारी माणूस बायकोकडे पाठ फिरवतो, असं त्या बारांत कुठेच लिहिलं नव्हतं. डोकं जायला लागलंय याचं, की मन उडालंय माझ्यावरून? खरं सांगायचं तर, दोन्हीतलं एक पत्करायचं असतं तर तिने आजारच पत्करला असता. आजाऱ्याचं करता येतं. ज्याला आपण नकोशा झालो, त्याचं काय करायचं? हा विचार आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मुलगी हन्ना कोपनहेगनला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, लगेच तपासून घे, आणि त्या घराचंही एकदा काय ते ठरवा, तुम्हा दोघांना ते आता झेपत नाही. रिगमोरने दुसरं वाक्य कानामागे टाकलं आणि पहिलं ऐकलं. स्मृती तपासतात त्या दवाखान्यात तिने प्रेबेनच्या नावाने वेळ घेतली, गुरुवारी साडेदहाची. त्याला सांगितलं नाही. मंगळवारी तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. तेवढा पार पडू दे, मग बोलू, असं तिने ठरवलं.

वाढदिवसाला अंगणातल्या काठीवर झेंडा चढायचा, हे त्या घरात काय, त्या गल्लीत सगळीकडेच ठरलेलं. आठ वाजायच्या आत नाही, आणि उन्हं गेल्यावर तर मुळीच नाही. झेंडा चढवायचं काम प्रेबेनचं. दोरी बांधून झाली की तो अंगणातून हाक मारायचा, "रिगमोर, गेला गं वर." मग तिने बाहेर यायचं, मान वर करून बघायचं, आणि दोघांनी आत जाऊन लोणी लावून गोल पाव खायचे. अठ्ठेचाळीस वर्षं हेच.

मंगळवारी आठला तो बाहेर गेला. ती मागच्या स्वयंपाकघरात होती. टेबलावर कागदी झेंड्यांची ओळ मांडली, अंडी उकळत ठेवली, पाव टोपलीत काढले. हाक काही येईना. सव्वाआठ झाले. आपल्याच वाढदिवसाचा झेंडा बघायला आपणच काय जायचं, म्हणून ती बसून राहिली. साडेआठ झाले. विसरला, ती मनात म्हणाली. आठवी खूण. डोळ्यांत पाणी आलं ते तिने बाहीने पुसलं, आणि तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

दारात शेजारची बोडिल. घरातल्याच सपाता, हातात बागेतली पांढरी फुलं, डोळे लाल. तिने फुलांसकट रिगमोरला मिठी मारली.

"कसं गं झालं?" ती कानाशी म्हणाली. "काल संध्याकाळी कुंपणापाशी चांगला बोलला माझ्याशी."

रिगमोरला काही उमजेना. बोडिलच्या खांद्यावरून तिने अंगणात बघितलं. रस्त्यापलीकडचा म्हातारा फाटकाशी टोपी काढून उभा होता. आणि काठीवर, बरोबर मध्यावर, झेंडा फडफडत होता.

झेंडा अर्ध्यावर म्हणजे त्या घरात कोणीतरी गेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रेबेन गेला असेल तर मग दोरी ओढली कोणी, हा साधा प्रश्न रिगमोरला सुचला नाही. अशा वेळी डोकं गहाण पडतं. तिला एवढंच आठवलं की अर्धा तास झाला, त्याचा आवाज नाही.

ती बोडिलला तशीच सोडून धावली. घरातून, स्वयंपाकघरातून, मागच्या दाराने, त्याच्या सुतारकामाच्या शेडकडे. गुडघा ठणकत होता. त्या चाळीस पावलांत तिला ना यादी आठवली, ना कोट. नुसता असू दे. खेकसू दे, विसरू दे, माझ्याकडे नाही बघितलं तरी चालेल, पण असू दे.

तो होता. फळ्यांच्या थप्पीवर बसला होता, डाव्या हाताने उजवं कोपर छातीशी धरून. चेहरा राखेसारखा आणि कपाळावर घाम.

"बघितलास?" तो म्हणाला.

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"हात वर जात नाही," तो म्हणाला. "मार्चपासून. अर्ध्यावर आला आणि खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी. वर ओढवेना. खाली घ्यावा तर एका हाताने सावरेना, जमिनीला टेकला असता. तुझ्या वाढदिवसाला झेंडा मातीत? म्हणून तिथेच गाठ मारली. म्हटलं जरा बसतो, कळ गेली की बघतो."

झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही हे त्याला लहानपणी बापाने शिकवलं होतं. अर्ध्यावर ठेवला तर लोक काय समजतील, हे कळीपुढे सुचलं नव्हतं. बोडिल फुलं घेऊन आली आहे, हे तिने सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

रिगमोर तिथेच त्याच्याशेजारी बसली. कोट धरायला हात वर लागतो. ताटल्यांना लागतो, दिव्याला लागतो, स्वेटरला लागतो. नाचताना बाईच्या पाठीवर हात ठेवावा लागतो. आणि झोपेत त्या कुशीवर वळला असेल तर विव्हळला असेल, म्हणून कोच. एकेक खूण गळून पडायला लागली. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी संतापच आला.

"मेल्या, सांगायला काय झालं होतं?" आजच्या दिवशी हा शब्द नको होता, हे तिला नंतर सुचलं. "मी रात्र-रात्र विचार करतेय, याला मी नकोशी झाले म्हणून."

नकोशी हे कुठून आलं, हे त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"तुला कसं सांगणार?" तो म्हणाला. "तुझंच एवढं चाललेलं."

"माझं काय चाललेलं?"

"खणातली यादी बघितली मी. टेबलक्लॉथ काढायला गेलो होतो. सात खुणा." त्याचा आवाज बसला. "मला वाटलं, तू स्वतःच्या केल्यास. त्याच्या आधीपासूनच सारखं तेच तेच विचारत होतीस, काय होतंय, काय होतंय. म्हणून तर रोज वार विचारायचो, तुला सांगता येतो की नाही बघायला. त्यात मी आपला हात गळ्यात बांधून पुढ्यात बसू? हन्नाने दुसऱ्याच दिवशी घर विकायला काढलं असतं."

म्हणजे हा तिला राखत होता आणि ती ह्याला. तीन महिने साप साप म्हणून दोघं भुई धोपटत होते, तीही एकमेकांच्या पायाखालची. रिगमोरला हसावं की रडावं ते कळेना. आणि ते कळायच्या आत दुसरंच मनात आलं. खुणा त्याच्या नव्हेत, तर मग त्या सगळ्या खोट्याच का? तेच तेच विचारत होते का मी? किती वेळा? आणि अंड्यांखालची शेगडी बंद केली होती का?

स्वयंपाकघरातून बोडिलने हाक मारून सांगितलं की पातेल्यातलं पाणी आटलं होतं, तिने शेगडी बंद केली आहे.

प्रेबेन आणि रिगमोर एकमेकांकडे बघायचं टाळत उठले.

झेंडा तिघांनी वर नेला. त्याने डाव्या हाताने गाठ सोडली, रिगमोरने दोरी ओढली, बोडिलने मागची दोरी ताणून धरली आणि तेवढ्या वेळात दोनदा माफी मागितली. झेंडा टोकाला पोचल्यावर रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घातली आणि घरात गेला. पांढरी फुलं टाकायची कशाला, म्हणून वाढदिवसाच्या टेबलावरच ठेवली. अंडी दगड झाली होती. तिघांनी ती खाल्ली.

गुरुवारच्या वेळेबद्दल तिने त्याला त्याच दुपारी सांगून टाकलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, मग तू पण दे परीक्षा. दवाखान्याने फोनवर हो म्हटलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. खांदा आखडला आहे, वर्ष-दीड वर्ष घेईल, व्यायाम करावा लागेल, असं त्यांनी त्याला सांगितलं. चिडचिडीचं रिगमोरने विचारलं. थोडी दुखण्याची, थोडी झोप न होण्याची, थोडी आपला हात आपला राहिला नाही याची, बाई म्हणाल्या. आणि परीक्षेचं? दोघांचेही आकडे वाईट नाहीत, अगदी चांगलेही नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा या. वयाचं किती आणि आजाराचं किती, ते आज सांगता येणार नाही. आजचा आणि पुढच्या भेटीचा वार-तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांनी रिगमोरच्या हातात दिली.

बाहेरच्या खुंट्यांशी दोघं उभी राहिली. प्रेबेनने सवयीने तिच्या कोटाकडे डावा हात नेला आणि थांबला. तिने त्याचा कोट काढला, त्याच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी पसरून धरला. तो भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. मग एकदम पाठ ताठ करून त्याने चांगला हात मागे केला.

"दुखरा आधी," ती म्हणाली. आतल्या नर्सने तिला तेवढं शिकवलं होतं.

त्याने दुखरा हात बाहीत सोडला, हळूहळू, ओठ चावत. मग चांगला. तिने कॉलर सारखी केली आणि खांद्यावर एकदा थापटलं, डाव्या.

"आज वार कोणता गं?" त्याने भिंतीकडे बघतच विचारलं. थट्टेने विचारतोय की खरंच, ते तिला कळलं नाही.

"गुरुवार," ती म्हणाली, आणि तो वळायच्या आत हातातली चिठ्ठी उलगडून तिने खात्री करून घेतली.