बोका झालेली मनी

पेटीतून पांढरा धूर निघाला आणि धुरातून मांजर बाहेर आली. पांढऱ्या अंगावर काळे-नारिंगी ठिपके, उजव्या डोळ्यावर काळी चकती. गाडीखाली सापडून मेलेली शिंपीणबाईंची मनी, जशीच्या तशी! सभागृह उठून उभं राहिलं. शिंपीणबाई तिला पोटाशी धरून ढसाढसा रडल्या.

मंचावरच्या माणसाला लोक पेशीबाबा म्हणत. अंगात डॉक्टरी कोट, गळ्यात माळ. एक पाय प्रयोगशाळेत, दुसरा स्वर्गात. "पेशी म्हणजे बी," तो सांगत होता. "मी केसातून गेलेला जीव उगवून दाखवतो. आठवणींसकट."

पहिल्या रांगेत ताई आपल्या मेलेल्या मुलीची कापलेली वेणी घेऊन बसली होती, आणि शेजारी तिची धाकटी बहीण, जनावरांची डॉक्टर. बाबाने ताईला आधीच बजावलं होतं की, घरात शंकेखोर माणूस असला तर पेशी मरते. ताईचा नवरा शंकेखोर निघाला. पोरीचं दुःख वाटून घेणारं ते एकच माणूस, त्यालाच ताईने घराबाहेर काढलं. त्या दिवसापासून डॉक्टरीण दात-ओठ खात होती. या माणसाला नुसतं उघडं पाडायचं नव्हतं, चारचौघांत सोलायचं होतं. म्हणून ती भाविक होऊन, जीभ आवरून आली होती.

बाबाने ताईला वर बोलावलं. डॉक्टरीण मागोमाग गेली आणि कौतुकाने मांजर हातात घेतली. ठिपक्यांवरचे केस बोटांनी फाकवले, तर मुळाशी सगळे पांढरे. मग तिने शेपटीखाली पाहिलं आणि माइक मागून घेतला.

"बाबा, मनी नर होती की मादी?"

"मादीच. तीन रंगांची मांजर बहुधा मादीच असते," बाबाने ज्ञान पाजळलं.

"मग जरा शेपटी उचला."

मांजरीची ऊर्जा अजून अस्थिर आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. शेवटी शिंपीणबाईंनीच शेपटी उचलली. "हा तर बोका आहे," त्या म्हणाल्या. "माझी मनी कुठाय मग?"

मागून हशा उसळला. डॉक्टरणीने तो मनसोक्त होऊ दिला. बाबा तिच्या कानाशी लागला. ते ऐकून तिने माइक तोंडाशी धरला आणि शब्दन् शब्द सभागृहाला ऐकवला: "बाई, पोटाचा प्रश्न आहे, सांभाळून घ्या."

बाबा मागच्या दाराकडे पळाला. दारात पोलिसांना घेऊन ताईचा नवरा उभा होता. ती जागा डॉक्टरणीने मुद्दाम त्यालाच दिली होती.

"म्हणजे माझी पोर..." ताईने विचारलं.

"नाही येणार, ताई."

ताई तिथेच खाली बसली. नवरा जवळ आला तेव्हा तिने त्याचा हात धरला, तो सोडला नाही.

मग डॉक्टरीण लोकांना म्हणाली, "पेशीपासून जीव घडवणं, म्हणजे क्लोनिंग, खोटं नाही. मादीच्या अंडपेशीतलं केंद्रक काढून तिथे जिवंत पेशीचं केंद्रक घालतात आणि तो गर्भ मादीच्या पोटात वाढवतात. पुष्कळ प्रयत्नांतून एखादा जगतो. जन्मतं ते पिल्लू, धुरातून आलेली थोराड मांजर नव्हे. ते म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. त्याचे ठिपकेसुद्धा त्याच जागी पडत नाहीत, मग आठवणी कुठून येणार? आणि कापलेल्या केसात जिवंत पेशीच नसते. दुःख करा, रडा. पण जो म्हणतो, शंका घेऊ नका, त्याच्यावर सगळ्यात आधी शंका घ्या."