आपण की आम्ही

"तू झोपेत कुणाशी भांडतेस गं?"

विचारून टाकलं एकदाचं! फोनवर गावाकडच्या तिघी मैत्रिणी कान टवकारून बसल्या होत्या. 'हिंमत असेल तर विचार' हे त्यांचंच टुमणं. परदेशातल्या या शाळेत आली तेव्हा ही विचारणारी पोरगी मिठाची गुळणी धरून बसायची. नऊ महिन्यांत मात्र जीभ चांगलीच सुटली होती.

समोरच्या खाटेवर तिची खोलीतली परदेशी सोबतीण डोळे चोळत उठली. हिने तिचं नाव खार ठेवलं होतं, कारण गालात कायम बिस्किट. रविवारची दुपार. पिवळा पडदा फुगत होता, ओसरत होता, जणू खोलीच श्वास घेत होती. आरशावर, कपाटावर, खिडकीवर खारीने वाकड्या अक्षरांत चिकटवलेले मराठी शब्द.

"भांडत नाही," खार अडखळत मराठीत म्हणाली. "स्वप्नात तू परीक्षा घेतेस. आपण की आम्ही? मी नापास."

"अगं बाई, मास्तरीणबाई!" फोनमध्ये हशा पिकला. हिने हसत फोन ठेवून दिला.

खार नवी नवी मराठी शिकत होती तेव्हा 'चल, आम्ही जेवायला जातो' म्हणायची आणि ही बापडी रुसून खोलीतच बसायची.

"सोप्पं आहे गं. समोरच्याला धरून, तर आपण. वगळून, तर आम्ही."

"आमच्याकडे एकच शब्द. कोण आत, कोण बाहेर, कळतच नाही." खार पडद्याकडे बघत राहिली. "तू घरी गेलीस की मी आपण कुणाला म्हणू?"

हिची नजर टेबलाच्या खणाकडे गेली. आणखी एक वर्ष राहायचा अर्ज खणात कोराच पडला होता आणि उद्या तो द्यायचा शेवटचा दिवस. आईबाबांनी परतीचं ठरवलं होतं, हिनेही मुकाट मान डोलावली होती.

पडदा पुन्हा फुगला. वाटलं, खोली सुटून तरंगत निघालीय, दोन खाटा, बिस्किटांचा डबा आणि ते सगळे शब्द घेऊन. एक जण उतरली, तर कलंडेलच ती.

हिने खण उघडला. अर्ज भरला. घरी फोन लावला.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"तिकीट बघतोय हं," मागून बाबा.

"नका बघू, बाबा. आम्ही अजून एक वर्ष इथेच राहतोय."

घरात आजवर हिच्या तोंडी फक्त 'आपण' असायचं.

"आम्ही? आम्ही कोण गं?"

"कळलं! आता कळलं!" खार भरल्या तोंडाने ओरडली.

"मी आणि ही, आई. अर्ज भरलाय मी. सही तेवढी तुमची हवी."