मऊ चाकं

मोतीरामची गाडी बापाचाच पंप असल्यासारखी पेट्रोल प्यायला लागली होती. लिटरला अठराचं ॲव्हरेज देणारी गाडी वर्षभरात अकरावर आली. पुण्याहून आलेला त्याचा मुलगा अभय म्हणाला, "आबा, या खेपेला फॉल्ट सापडला नाही, तर मी ती विकून टाकतो." मोतीरामला गाडी विकायची नव्हती. मागच्या सीटवर मुक्ताबाईची गोधडी अजून तशीच अंथरलेली होती. बायको जाऊन एक दिवाळीसुद्धा झाली नव्हती.

अभयने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी मोतीराम सिल्लोडहून एकटाच हर्सूलला, गोकुळच्या गॅरेजात आला.

गोकुळने चाकं जॅकवर उचलून फिरवली. ब्रेक कुठं चिकटत नव्हते. मग त्याने टायरची हवा तपासली आणि वर पाहिलं.

"काका, हवा तर निम्मीच हाये. अन् गाडी कितव्या गिअरात चालवता?"

"दुसऱ्या. लई झालं तर तिसऱ्या."

"सिल्लोडपासून इथवर? मग पेट्रोल नाय पिणार तर काय! गाडीत कायबी खराबी नाय. ही सवय कुठून लागली तुमाला?"

मोतीरामची नजर मागच्या सीटवरच्या गोधडीवर गेली. मुक्ताबाईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. शहरातल्या दवाखान्यात न्यायचं, तर प्रत्येक गचका तिच्या मणक्यात जायचा. म्हणून तो चाकं मऊ ठेवायचा, गाडी बैलगाडीसारखी हाकायचा. तरी खड्डा लागायचाच. "लागलं का गं?" तो विचारायचा. "नाय लागलं. चला तुमी," ती दात आवळून म्हणायची. ती गेली, पण त्याच्या हातापायांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. अजूनही पंपावर तो 'हवा थोडीच भर' म्हणायचा.

"भर पुरी हवा," तो म्हणाला. गोकुळने चारही चाकं टणक केली.

परतताना गाडी हलकी पळाली. कितीतरी दिवसांनी चौथा गिअर पडला. आता अभय गाडी विकणार नव्हता, मोतीरामला बरं वाटायला हवं होतं. चौका गावाच्या पुढं चाक खड्ड्यात दणकन आदळलं.

"लागलं का गं?" तोंडून गेलंच.

मागून कुणी खोटं बोललं नाही. मोतीरामने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हमसून हमसून रडला. घर अजून लांब होतं. राहिलेला रस्ता त्याने दुसऱ्या गिअरातच कापला.