ॲशलॉकांचा शब्द

ॲशलॉकांची लष्करी शाळा केल्सीज फोर्ड गावाच्या टेकडीवर चार पिढ्या उभी होती. पणजोबांनी काढली, आजोबांनी वाढवली, वडिलांनी मिरवली. हॉलिसच्या वाट्याला ती आली तेव्हा व्हिएतनामचं युद्ध संपलं होतं आणि आपल्या पोराला गणवेशात बघायची हौस व्हर्जिनियात फारशी कुणाला उरली नव्हती. एके काळी गजबजलेल्या बराकीत जेमतेम साठ मुलं राहत. सकाळच्या कवायतीला मैदान इतकं रिकामं दिसे की हॉलिस खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा.

गाव त्याला मेजर म्हणायचं. तो कधी सैन्यात गेला नव्हता. वडील कर्नल होते, तेही शाळेपुरतेच. पोस्टातला कारकून एक पाय युद्धात ठेवून आला होता. तो खिडकीतून आदराने "या मेजर" म्हणाला की हॉलिसचे कान तापत. पण "नुसतं हॉलिस म्हण" असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

शाळा विकायची, असं त्याने आणि त्याच्या आईने, मिसेस कॉर्डेलियांनी, मिळून ठरवलं. वर्षभर गिऱ्हाईक फिरकलं नाही. हॉटेल काढू म्हणणारा एक जण आला आणि छपरं बघून परत गेला. मग रेव्हरंड ऑर्विल पॉइंडेक्स्टर आले.

रेव्हरंड साठीचे, उंच, काळेसावळे, बोलायला सावकाश. खोऱ्यातल्या काळ्या लोकांच्या बॅप्टिस्ट चर्चेसनी मिळून त्यांना पाठवलं होतं. त्यांना मुलांसाठी शाळा आणि म्हाताऱ्यांसाठी घर काढायचं होतं. हॉलिसने त्यांना सगळं हिंडून दाखवलं.

"तुम्ही पूर्वी कधी आला होतात का इथे?" त्याने सहज विचारलं.

"फाटकापर्यंत आलो होतो," रेव्हरंड म्हणाले. "थोरल्या मुलाला इथे घालायचं होतं. तुमचे वडील स्वतः फाटकाशी आले. फार अदबीने बोलले. नकार देणारा इतका गोड माणूस मी पुन्हा पाहिला नाही."

हॉलिसने घाईने पुढचं दार उघडलं. ते प्रार्थनाघरात शिरले. भिंतीवर दगडात कोरलं होतं: कॅडेटचा शब्द हीच त्याची सही. रेव्हरंडांनी ते मोठ्याने वाचलं.

"हे खरं, की नुसतं भिंतीपुरतं?"

"ॲशलॉकांनी दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही," हॉलिस म्हणाला. आपण वडिलांच्या त्या नकाराची भरपाई करतोय असं वाटून त्याचा ऊर भरून आला होता. त्याने हात पुढे केला. "शाळा तुमची. कागदपत्रं सवडीने होतील."

रेव्हरंडांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

बातमी गावभर व्हायला एक रविवार पुरला. सोमवारी रँडल क्रिगर जेवायला आला. तो बँकेचा मालक, माजी विद्यार्थ्यांचा अध्यक्ष, आणि हॉलिसला लहानपणापासून ओळखणारा. आईने डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बिस्किट-पाव केले होते. क्रिगरने ते तीन खाल्ले आणि मग तोंड उघडलं.

"अरे हॉलिस, तुला वेड लागलंय का? तुझ्या पणजोबांच्या पुतळ्याखाली त्यांची पोरं बागडणार?"

"दुसरं कुणी आलंच नाही, रँडलकाका."

"आम्ही मेलोय का? जुनी पोरं वर्गणी काढतील. शाळा आपल्यातच राहील. तू फक्त त्यांना नाही म्हण."

"मी शब्द दिलाय."

आईने काटा खाली ठेवला. "शब्द आपल्या माणसांना देतात," ती म्हणाली. "त्यांना देतात तो नुसता शिष्टाचार. तुझे वडील असते तर हे मला शिकवावं लागलं नसतं."

आई चूक बोलतेय हे हॉलिसला लख्ख कळत होतं. उठून तसं म्हणायला हवं होतं. त्याने उठून क्रिगरला कॉफी ओतली.

नकारही त्याने स्वतः कळवला नाही. जागेच्या दलालाला सांगितलं, आणि दलालाने रेव्हरंडांना फोन केला. तिकडून काय म्हणाले हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

जुन्या पोरांनी एक मेजवानी केली. रडली, गाणी म्हटली, हॉलिसच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी लावली. वर्गणीचं मात्र आज-उद्या होत राहिलं. हिवाळ्यात बॉयलर फुटला, मुलांचे आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. हॉलिसने क्रिगरला गाठलं, तर तो म्हणाला, "मंदी आहे रे. आणि खरं सांगू? माझा नातूसुद्धा म्हणतो, तिकडे कोण जाणार!"

वसंतात सरकारने जागा घेतली. गुन्हेगार मुलांना ठेवायला बंदिस्त जागा हवी होती, आणि बराकी तयारच होत्या. क्रिगरने त्यावर हूं की चूं केलं नाही.

बातमी छापून येण्याआधी आपण जाऊन सांगावं, एवढं एक हॉलिसने ठरवलं. रविवारी दुपारी तो रेव्हरंडांच्या चर्चमध्ये गेला. जेवणं आटोपली होती. रेव्हरंड बाह्या सारून खुर्च्या रचत होते. हॉलिसने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुरुंगाचंही सांगितलं. शेवटी म्हणाला, "मला माफ करा."

रेव्हरंडांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"तुम्ही हात मिळवलात त्याच रविवारी मी इथे उभा राहून सांगितलं, की आपल्याला टेकडी मिळाली. लोक उभे राहून गायले. एकटी मिस यूला तेवढी म्हणाली, कागद कुठाय? मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं. म्हटलं, बाई, हा ॲशलॉकांचा शब्द आहे." ते थांबले. "ती आत स्वयंपाकघरात आहे. माफी तिची मागा."

मिस यूला म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, ऐंशीच्या घरातली, लहानखुरी. ती ताटं पुसत होती. हॉलिसने टोपी हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आईचं ऐकल्याचंही. भोवतालच्या बायका काम थांबवून ऐकत होत्या.

"माझी कसली माफी मागतोस बाबा?" ती म्हणाली. "माझं तर खरं ठरलं. खोटं पडलं ते आमच्या रेव्हरंडांचं, तेही भर चर्चमध्ये. त्या दिवसापासून ते काही सांगायला लागले की लोक विचारतात, कागद आहे का? ते हसण्यावारी नेतात. पण मी बघते ना त्यांच्याकडे."

"मी काय करू?" हॉलिसने विचारलं.

"ते मी कसं सांगणार? आणि मी सांगितलं म्हणून केलंस, तर तुझ्या आईने सांगितलं म्हणून केलंस त्यात आणि ह्यात फरक काय?" तिने पुढचं ताट उचललं. "सरक जरा, पाणी उडेल."

आईला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, की ती त्या दिवशी जेवताना जे बोलली ते लाजिरवाणं होतं आणि तो गप्प बसला ते त्याहून. ती बरंच काही बोलली. उन्हाळ्यात ती रिचमंडला भाचीकडे राहायला गेली आणि ख्रिसमसलाच तेवढं पत्र पाठवू लागली.

हॉलिस सरकारी शाळेत गणित शिकवू लागला. वर्गातली निम्मी मुलं रेव्हरंडांच्या चर्चची होती. त्यांनी वर्गात कधी काही विचारलं नाही; घरी काय बोलणं झालं असेल ते त्यांच्या अदबीवरून कळे. चर्चेसनी पुढे नदीकाठचा बंद पडलेला डबाबंद फळांचा कारखाना घेतला, लहानसा, पुरात निम्मा बुडणारा. तिथे म्हाताऱ्यांचं घर झालं. मुलांच्या शाळेचं राहूनच गेलं.

रेव्हरंड कधी हार्डवेअरच्या दुकानात भेटत. हॉलिस आधी नमस्कार करी. ते मान हलवत, खिळे निवडत राहत. हॉलिसला आपली खरेदी टाकून निघून जावंसं वाटे. पण तो जात नसे. रांगेत त्यांच्या मागे, आपली पाळी येईपर्यंत उभा राही.