पंधराव्या खुंटीवरचा पासवर्ड

मी एक जुनी एक्सेलची फाइल आहे. माझं नाव 'किल्ल्या'.

मित्रांनो, खंडाळ्यात घाटाच्या कडेला चौदा बंगले आहेत. त्यांचे मालक मुंबईला राहतात आणि किल्ल्या आमच्या लहानशा ऑफिसात, भिंतीवरच्या लाकडी फळीवर टांगलेल्या असतात. कोणती किल्ली कोणी नेली आणि कधी परत आणली, एवढंच माझ्या पोटात आहे. तरीही मला कोणाचा भरवसा वाटत नाही.

मला इकबालभाईंनी जन्म दिला. बावीस वर्षं ते या बंगल्यांची देखरेख करत आहेत. आधी ते वहीत लिहीत. पण पावसाळ्यात धुकं खिडकीतून आत यायचं आणि वहीची पानं एकमेकांना चिकटायची, म्हणून मी आले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, पहिली ओळ लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली.

ओळ १. बंगला तीन. किल्ली नेली: कैलास, वायरमन.

मालकांनी माझं फार कौतुक केलं होतं. ते दिवस गेले.

मला माणसं दिसत नाहीत. मला ऐकू येतं आणि बोटं कळतात. एक बोट इकबालभाईंचं. आणि रोज सकाळी एक ओलं फडकं. ते साफसफाई करणाऱ्या नंदाबाईंचं. फडकं कीबोर्डवरून फिरलं की माझ्या ओळीत भलतंच उमटायचं. एकदा बंगला सातची किल्ली 'ममममम' नावाच्या माणसाने नेली.

"नंदाबाई, हा ममममम कोण?"

"मला काय ठावं भाऊ. तुमचाच कोन पावना आसंल."

म्हणून मला पासवर्ड लागला. उघडून वाचायला सगळे मोकळे, पण एक अक्षर जरी बदलायचं तरी पासवर्ड हवा. एका मालकाच्या मुलीने फोनवरून बजावलं होतं, सोपा ठेवू नका. अक्षरं, आकडे, मध्ये एक चिन्ह. इकबालभाईंना तो काही पाठ होईना. आता ज्याचा जन्म किल्ल्या टांगण्यात गेला, तो माणूस काय करणार? त्यांनी पत्र्याची चकती कापली, खिळ्याने तिच्यावर पासवर्ड कोरला आणि चौदा किल्ल्यांच्या शेजारी पंधरावी खुंटी ठोकून तिथे टांगली. वर चिठ्ठी लावली: 'फाइल'.

माझा संशय त्या दिवसापासूनचा.

त्या फळीचा एक नियम आहे. किल्ली काढली की तिच्या खुंटीला आपल्या नावाचा पितळी बिल्ला अडकवायचा. किल्ली परत आली की बिल्ला परत. कैलासचा बिल्ला होता, माळ्यांचे होते. नंदाबाईंना नव्हता. झाडू मारायला बिल्ला कशाला, असं कधीतरी कोणीतरी म्हणालं आणि ते तसंच राहिलं. त्या तोंडाने सांगत, इकबालभाई ऐकून लिहीत. लिहिलं की ते विसरून जात; लक्षात ठेवायचं काम माझं.

ओळ ४११. मंगळवार. बंगला नऊ. किल्ली नेली: कैलास.

त्यानंतरचा शुक्रवार. इकबालभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मला कोणीतरी उघडलं. हे ते एक बोट नव्हतं. ही बोटं चटपटीत होती, टोकांना वायरच्या टेपचा डिंक होता. पासवर्ड अडखळत, चकतीवर बघून टाइप झाला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बोटं थबकली. मग त्यांनी घाईने एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

ओळ ४११. मंगळवार. बंगला नऊ. किल्ली नेली: नंदाबाई.

जुनं नाव कुठे गेलं, ते मला विचारू नका. खोडलेलं मी जपून ठेवत नाही. मला जे लिहायला लावतात तेच मी उद्या शपथेवर सांगते.

शनिवारी सकाळी नऊ नंबरच्या मालकांचा फोन आला. झुंबराची मोठी काच फुटली होती आणि तुकडे कागदात गुंडाळून पलंगाखाली सारलेले होते. या आठवड्यात ज्याच्याकडे किल्ली होती, तो माणूस पुन्हा कुठल्याही बंगल्याच्या आवारात दिसता कामा नये. इकबालभाईंनी मला उघडलं आणि ओळ ४११ दोनदा वाचली.

"नंदाबाई, मंगळवारी नऊमध्ये तुम्ही गेला होता?"

"न्हाई ओ भाऊ. मी उर्से गावात लेकीच्या हितं व्हते. बारसं व्हतं न्हवं."

"फाइलमध्ये तुमचं नाव आहे."

"मंग फाइल खोटं बोलतीया."

"मशीन कशाला खोटं बोलेल?"

"मशीन न्हाई बोलत भाऊ. मशीनला बोलाय लावत्यात."

दारातून कैलासचा आवाज आला. "मावशी, बारशाच्या गडबडीत इसरला असाल. सकाळच्याला जाऊन आला असाल."

"लय ठावं हाय की रं तुला. मी इसरले, आन् तुझ्या ध्यानात ऱ्हायलं व्हय?"

मालकांना नाव कळवायचं होतं आणि नाव समोर लिहिलेलं होतं. आणि मी? त्या फडक्यावर मी कितीतरी वर्षं संशय धरला होता. मी आत पडून होते, चुकीचं नाव छातीवर घेऊन.

"जायाचंच हाय तर फळी पुसून जाते," नंदाबाई म्हणाल्या. "आर्धं काम टाकून मी कदी गेले न्हाई."

फडकं एकेका खुंटीवरून सरकत गेलं. शेवटच्या खुंटीपाशी पत्र्यावर पितळ वाजलं.

"भाऊ, ह्या पंधराव्या खुंटीला दोन दोन काय लटाकतंय?"

खुर्ची मागे सरकली. चकतीच्या मागे बिल्ला होता. इकबालभाईंनी त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. "कैलास."

सात वर्षांची सवय, मित्रांनो. खुंटीवरून काही काढलं की हात आपोआप बिल्ला अडकवतो. हॉर्न ऐकून त्याने चकती परत टांगली, आणि बिल्ला तिच्यामागे राहून गेला.

"लबाडी करतानाही नियम पाळलास," इकबालभाई म्हणाले.

"बल्ब बदलताना धक्का लागला, भाई. घाबरलो. चौदाच्या चौदा बंगले हातातून गेले असते."

"आन् माझे गेले आसते ते?" नंदाबाईंनी विचारलं.

मालकांना फोन कैलासलाच करावा लागला. माझी ओळ ४११ दुरुस्त झाली. पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड इकबालभाईंनी कुठेही टांगला नाही, पाठ केला. अधूनमधून चुकतात, चरफडतात, पण पुन्हा आठवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या फाइलला जपायचं तर तिची किल्ली भिंतीवर ठेवू नका. सोपं कुलूप लावू नका. आणि कुलूप लावलं म्हणून आत सगळं खरंच आहे, असंही मानू नका. तुमच्या नावापुढे कोणी काय लिहिलं आहे, ते मागून घेऊन वाचा.

पंधराव्या खुंटीला आता एक नवा बिल्ला असतो. नंदाबाईंचा. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. रोज सकाळी कीबोर्डवर फडकं मारण्याआधी त्या टेबलापाशी उभ्या राहतात.

"भाऊ, काल माझ्या नावावर काय लिवलंय, दावा."

इकबालभाई स्क्रीन त्यांच्याकडे वळवतात. एक ओलं बोट काचेवरून ओळीओळीने, सावकाश सरकत जातं. ते बोट आता मला ओळखीचं झालं आहे.