नाकाशेजारचं गळू

तिने साबणाने हात धुतले, कोमट पाण्यातला स्वच्छ फडका पिळला आणि नवऱ्याच्या नाकाशेजारच्या गळवावर टेकवला.

"शेकतेस की इस्त्री करतेस?" शिंपी म्हणाला.

"मनगटावर लावून पाहिलाय. हलू नका."

गळवाला पांढरं तोंड आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दाबायचं नाही, टोचायचं नाही. या जागेची घाण डोळ्यामागे पसरू शकते. औषध, शेक आणि वेगळा टॉवेल. मग त्या तिच्याकडे वळल्या होत्या. "यांच्यावर लक्ष ठेवा." नवऱ्याच्या बोटांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. दुकानातल्या सगळ्या सुया तिने कुलपात टाकल्या होत्या. मागितली की एक द्यायची, काम झालं की परत घ्यायची.

"शिंप्याच्या घरात सुयांवर पहारा," तो म्हणाला. "उद्या कात्रीला बेड्या घालशील."

"डोळे शाबूत राहिले तर कात्री हातात धराल."

तो हसायचा थांबला.

दुपारी ती चहा घेऊन पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात आली. तो गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून पँटची लांबी धरत होता.

"सरळ उभे राहा, साहेब," तो ओठांच्या कोपऱ्यातून बोलला. ओठांत टाचण्या होत्या, टोकं बाहेर. लग्नाआधीपासून तो तशाच धरायचा. मिशीसारख्या त्या त्याच्या चेहऱ्याचा भाग झाल्या होत्या. तिला दिसतच नसत. त्याने मान वाकवली तशी गिऱ्हाइकाच्या गुडघ्याने एक टाचणी वर नाकाकडे ढकलली. तो कळवळला आणि ती काढली. टोकाला पिवळं लागलं होतं.

तिने कप खाली ठेवला.

"अहो, त्या तोंडातल्या काढा. सगळ्या."

त्याने नाकाशी चाचपलं. "फुटलं वाटतं. बरंच झालं, मोकळं झालं."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"एवढी पँट होऊ दे गं. साहेब ताटकळलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हुडहुडी भरली होती. एका डोळ्याची पापणी फुगून मिटली होती. इस्पितळाच्या रस्त्याला त्याने एकही विनोद केला नाही, आणि तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याचा चांगला डोळा तळहाताने झाकला आणि सुजलेली पापणी बोटाने उचलली. ती खाटेचा दांडा धरून उभी होती.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

शिंप्याने मान आवाजाच्या दिशेने वळवली.

"आधी टॉर्च तर लावा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. टॉर्च लागलेलीच होती.